आरशाच्या जागी दिवा

दिवाळीच्या सुट्टीत नितेश सरांचा फोन आला, तेव्हा मला वाटलं, आप्पा गेल्याचं त्यांना उशिरा कळलं असेल आणि भेटायला कधी येऊ म्हणून विचारत असतील. पण त्यांना कळलेलं होतं. पूर्णगडच्या खाडीकाठी एका शाळेत ते विज्ञान शिकवतात. थोडं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "ताई, एक सांगायचं होतं. आमच्या प्रयोगशाळेतले मायक्रोस्कोप आता निर्लेखित करतोय, शाळेच्या यादीतून काढतोय. सुट्टी संपली की भंगारवाला घेऊन जाईल. आप्पांनी बसवलेले दिवे तेवढे मी काढून ठेवलेत. म्हटलं, ते तुमच्याकडे असावेत. आठवण म्हणून."

"निर्लेखित का करताय?"

"लेन्सना बुरशी लागलीय. इथली हवा तुम्हाला माहीतच आहे." आणि लगेच, मी काही विचारलं नसताना, "आप्पांच्या कामाचा त्यात काही दोष नाही हं."

मी येते म्हणाले. फोन ठेवताना त्यांना आठवलं, "ती फ्लॅशवाली पेटी मला दाखवणार होते आप्पा. राहूनच गेलं. आणाल?"

आप्पा म्हणजे माझे वडील, गंगाराम नागवेकर. मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त होऊन रत्नागिरीला आले, तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या माणसांनी हापूसची कलमं लावली, देवळाच्या समित्यांवर गेले. आप्पा एका शाळेचा पंखा दुरुस्त करायला शिडीवर चढले आणि वरून त्यांना कपाटाच्या डोक्यावर ठेवलेले जुने मायक्रोस्कोप दिसले. काळ्या रंगाचे, पितळी नळीचे, घोड्याच्या नालेसारखा पाय असलेले. त्यांना दिवा नव्हता. खाली एक छोटा गोल आरसा असायचा. तो खिडकीकडे वळवायचा आणि आभाळाचा उजेड वर लेन्सकडे पाठवायचा. आमच्याकडे पावसाचे चार महिने आभाळाला उजेडच नसतो, त्यामुळे कांद्याची साल बघायचा धडा नेमका काळोखात यायचा. "मग चार महिने मुलं काय बघतात?" आप्पांनी विचारलं. "पुस्तकातलं चित्र," असं उत्तर मिळालं. आई सांगते, त्या शाळेचा पंखा पुढे बरेच दिवस तसाच लोंबकळत होता.

आप्पांनी आरसा काढला आणि त्याच भोकात बसेल असा एलईडीचा दिवा तयार केला. अंगाला पाण्याच्या पाइपचं टोपण. आत एलईडी, तिच्या पाठीला उष्णता ओढून घ्यायला ॲल्युमिनियमची चकती. उजेड सगळीकडे सारखा पसरावा म्हणून वर दुधी प्लास्टिकचा गोल तुकडा. तो श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून कापलेला असायचा, त्यामुळे त्या काळात आमच्या घरी श्रीखंड फार झालं. उजेड कमीजास्त करायला जुन्या रेडिओचं बटण, आणि वीज मोबाइलच्या चार्जरची. एका शाळेचं बघून दुसरी शाळा बोलवायची. आप्पा स्कूटरच्या पुढच्या जागेत हत्यारांचा डबा ठेवून जायचे, आणि पैशाचा विषय निघाला की हेल्मेट घालायला लागायचे.

घरी त्यांचा स्वतःचा एक मायक्रोस्कोप होता, कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून आणलेला. त्याच्यासाठी त्यांनी फ्लॅश केला. एलईडीच्या उजेडात बघता येतं, पण पाण्यातल्या जिवंत जीवाचा फोटो काढता येत नाही, कारण तो क्षणभरही थांबत नाही आणि फोटोत नुसता फराटा उमटतो. फ्लॅशचा उजेड इतका थोडा वेळ असतो की तेवढ्यात त्याला हलायला सवड मिळत नाही. म्हणून आप्पांनी जुन्या कॅमेऱ्याचा फ्लॅश उघडून एका पेटीच्या तळाशी बसवला. पेटीच्या मध्यावर तिरकी, पातळ काच. फ्लॅश खालून काचेतून आरपार वर जातो. एलईडी बाजूला असते, आणि तिचा थोडासा उजेड काचेवर आपटून वर वळतो. एलईडीने बघत राहायचं आणि जीव नेमका समोर आला की फ्लॅश मारायचा. दिवे दोन, वाट एकच.

मी पुण्यात एका प्रकाशनाकडे मुद्रितं तपासते. गेल्या मे महिन्यात रजेवर आले, तेव्हा आप्पांनी मला तो फ्लॅश चालवायला शिकवला. एकही फोटो धड आला नाही. मला सगळं दुधाळ दिसत होतं. मला वाटलं, एवढा जुना मायक्रोस्कोप असाच दाखवत असेल. आप्पांना वाटलं, मोतीबिंदू वाढला.

गणपतीच्या आधी आप्पा गेले.

पूर्णगडला उतरले तर एसटीच्या थांब्यावर भागोजीकाका उभे. ते आप्पांबरोबर जहाजावर सुकाणी होते. आता खाडीत त्यांची होडी आहे. आईने फोन केलेला असणार.

"आली गो बाय? आणि ह्या पिशवीत काय? बापसाचं बिऱ्हाड?"

"फ्लॅश आहे, काका. सरांना दाखवायचाय."

"दे हय." त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि वर आलेला वास हुंगला. "झालं. ग्रीस! अगो, तुझ्या बापसाने माझ्या बॅटरीला ग्रीस लावलान, रेडिओला लावलान, एक डाव तर चष्म्याच्या काडीला लावलान. मी दुपारभर चष्मा धरून बसलेलो. चपातीवर लावलान नाय, म्हंजे नशीब."

"जहाजावर लावावंच लागत असेल ना?"

"तर! खारी हवा ती. तांब्याची तार उघडी दिसली की आठ दिवसांत हिरवी. गंग्याचा नेम होता, सांधा जोडला की वर ग्रीस, मगच दुसरं काम. आमचं जहाज बंद पडलं असेल इंजिनामुळं, कप्तानामुळं. तारेमुळं नाय पडलं कधी."

ते हे सांगत असताना त्यांच्या चालीत थोडा ताठा आला. माझ्याही आला असावा.

शाळेत सुट्टीची शांतता होती. नितेश सर माझ्याहून लहान, पस्तिशीतले. प्रयोगशाळेच्या टेबलावर त्यांनी वर्तमानपत्र पसरून आप्पांचे दिवे ओळीने मांडून ठेवले होते, वायरी आप्पा गुंडाळायचे तशाच गोल गुंडाळून. शेजारी निर्लेखनाचे मायक्रोस्कोप, अंगावर खडूने आकडे घातलेले. हे सगळं त्यांनी इतकं नीट केलेलं होतं की मला दिव्यांपेक्षा त्यांच्याकडेच बघवेना.

"हे बघा ताई." त्यांनी एक दिवा उघडून दाखवला. आत ग्रीसखाली तांब्याचे सांधे आत्ता जोडल्यासारखे लालसर चमकत होते. "आणि ही आमची घंटेची वायर. बाजारातली. दोन वर्षं झाली नाहीत." ती शेवाळासारखी हिरवी पडली होती. "आप्पांचं काम असं होतं."

"मग दिवा चालतो अजून?"

"सगळे चालतात. लेन्स गेल्या."

मी एक दिवा परत त्याच्या भोकात बसवला, चार्जर लावला, डोळा लावला. कांद्याच्या सालीच्या पेशी होत्या, पण ताकात पडल्यासारख्या. मी पुण्याहून आणलेली भिंगाची पट्टी काढली. प्रुफं बघायला ती कायम माझ्याजवळ असते. तिच्यातून मी मायक्रोस्कोपच्या खालच्या बाजूची लेन्स पाहिली, जी उजेड गोळा करून वर देते ती.

बुरशी मी पाहिलेली आहे. आप्पांच्या कॅमेऱ्याच्या एका लेन्सला लागली होती. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी असते, मधून फुटणारे बारीक धागे. आणि ते धागे काच कोरतात, म्हणून पुसूनही डाग राहतो. इथे एकही धागा नव्हता. आरशावर श्वास सोडावा तसा सारखा, मऊ थर होता. मी बोट लावलं. बोट घसरलं.

दोन बोटं एकमेकांवर चोळून मी नाकाशी नेली. आप्पांच्या टेबलाचा वास होता.

मग सगळं आपोआप उलगडत गेलं. पाइपचं टोपण बंद असतं. एलईडी तासन् तास जळते, आत ऊब साठते. उबेने ग्रीसमधलं तेल सुटतं, दुधी तुकड्याच्या कडेच्या फटीतून वर चढतं आणि जे थंड सापडेल त्यावर बसतं. दिव्याच्या बरोबर वर असते ती लेन्स. समुद्रावर इंजिनाच्या खोलीत ग्रीसचं तेल कुठे गेलं, हे कोणी बघत नाही. तिथे वर लेन्स नसते. आप्पांनी आयुष्यभर ज्या सवयीने जहाजं चालू ठेवली, तीच सवय त्यांनी पाइपच्या टोपणात घातली होती.

बुरशी असती, तर दोष हवेचा होता. मायक्रोस्कोप भंगारात गेले असते आणि आप्पांचं नाव तसंच राहिलं असतं, ज्यांनी अंधाऱ्या शाळांत उजेड नेला त्यांचं. ग्रीस म्हटलं, की मायक्रोस्कोप वाचत होते, पण ज्यांनी ते बिघडवले त्यांचं नाव गंगाराम नागवेकर होतं. मी काही बोलले नसते, तर कोणालाही कळलं नसतं. दिवे पिशवीत भरून मी परतीची एसटी धरू शकत होते.

"सर, ही बुरशी नाही."

नितेश सर खिडकीची खिटी बघायला लागले.

"ग्रीस आहे. आप्पांचं."

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

भागोजीकाका दारात बसले होते, ते उठून आत आले.

"मी एकदा पुसली होती लेन्स," सर म्हणाले. "महिन्याभरात परत तसंच. म्हटलं दिवा काढावा, तर आरसे कुठे आहेत? ते केव्हाच हरवले. आणि आप्पांना सांगणार कसं? भर पावसात रेनकोट घालून यायचे ते, ताई. चहाशिवाय काही घेतलं नाही आमच्याकडून. तेवढ्यात ते आजारी पडल्याचं कळलं. आजारी माणसाला फोन करून सांगू, की तुमच्या दिव्यांनी आमच्या लेन्स…" ते थांबले. "निर्लेखनाला कारण लिहावं लागतं. मी बुरशी लिहिलं. इथे कोण विचारतंय? सगळ्यांच्याच लेन्सना बुरशी लागते."

"तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत."

"मग राहू द्या ना तसंच."

मी मुद्रितं तपासते, तिथे एक गोष्ट शिकले आहे. चूक दिसली की ती लेखकाची, टंकलेखकाची की आपली, हे बघत बसायचं नसतं. आधी ती दुरुस्त करायची. पण तेव्हा मी एवढा विचार केला नाही. मला एवढंच वाटलं, की आप्पा इथे असते आणि त्यांचं बोट त्या लेन्सवरून घसरलं असतं, तर ते लाजून गप्प बसले नसते. त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागितला असता.

"चूक आप्पांची आहे," मी म्हणाले. "दिवाही आप्पांचा आहे. दोन्ही त्यांच्याच नावावर असू देत. तुमच्याकडे स्पिरिट आहे?"

"ह्या शाळेत स्पिरिटला काय तोटा?" भागोजीकाका मधेच म्हणाले. "जुने शिपाई होते ते काय उगाच हसत फिरायचे?"

सर हसले आणि कपाटाकडे गेले. मग आम्ही कामाला लागलो. कापूस स्पिरिटमध्ये बुडवायचा, पिळायचा, मधून कडेकडे गोल फिरवायचा, आणि प्रत्येक वेळी नवा कापूस. हे सरांना येत होतं. मी दिवे उघडून ग्रीस काढत होते. एका दिव्यात ग्रीस अंगठ्याने दाबून बसवलेलं होतं आणि अंगठ्याच्या रेघा त्यात स्पष्ट दिसत होत्या. तो दिवा मी शेवटी घेतला. घेतला तेव्हा मात्र थांबले नाही, पुसला.

एका मायक्रोस्कोपला खरोखरच बुरशी निघाली. धागे, कोरलेली काच, सगळं. सर त्याच्याकडे बघत म्हणाले, "ह्याचं काय लिहू?"

"बुरशी. ती खरी आहे."

आता उघडे पडलेले सांधे तसेच ठेवले असते, तर पुढच्या दिवाळीला घंटेच्या वायरीसारखे हिरवे झाले असते. ग्रीस नको आणि खारी हवाही नको. मी सरांना विचारलं, उष्णतेने पातळ होणार नाही आणि वाळून घट्ट बसेल असं काही आहे का. त्यांनी विचार केला आणि टेबलाचा खण उघडून नेलपॉलिशची बाटली काढली, बिनरंगाची.

भागोजीकाकांनी भुवया वर केल्या. "सर, हे काय, शनवार-रविवारचं?"

"प्रॅक्टिकलचं आहे हो, काका! पानाला लावायचं, वाळलं की सोलायचं. पानाच्या श्वासाच्या छिद्रांचा ठसा त्यावर येतो."

"असं असं. मला वाटलं, पगार पुरत नाय म्हणून दुसरा धंदा."

प्रत्येक सांध्याला पॉलिशचे दोन हात दिले. ते वाळेपर्यंत दिवे खिडकीत ठेवले. आणि ते वाळेपर्यंत थांबायचंच होतं, म्हणून मी आप्पांची पेटी बाहेर काढली. शिवाय मला एक बघायचं होतं. डोळ्याला स्वच्छ दिसणं वेगळं. लेन्सला काही इजा राहिली असेल, तर फोटो ती लपवत नाही. मला सरांना दाखवायचं होतं की यांत भंगार काही नाही. खरं तर ते मलाच बघायचं होतं.

पेटीतली तिरकी काचही दुधाळ होती. तिच्याही सांध्यांना ग्रीस होतं. मे महिन्यात आप्पा आपल्या डोळ्यांना दोष देत होते, तेव्हा ते ह्याच काचेतून बघत होते. मी ती पुसली, आणि आतले सांधेही पॉलिशने बंद केले. फ्लॅशला हात घालायच्या आधी त्याच्या दोन टोकांना बल्बच्या तारा टेकवून आत साठलेली वीज काढून घ्यायला विसरले नाही. बंद केलेला फ्लॅश भरलेलाच असतो, हे आप्पांनी मला पहिल्या दिवशी तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं.

"काका, खाडीचं थोडं पाणी मिळेल?"

भागोजीकाका लोटा घेऊन गेले आणि भरून घेऊन आले. "ह्यात काय नाय गो. नुसतं पाणी हाय."

सगळं वाळल्यावर पेटी एका मायक्रोस्कोपच्या नालेच्या मधल्या जागेत सरकवली. ती बरोबर बसली. आप्पा काहीही करताना ते कुठेही बसेल असंच करायचे. वर नळीला पिशवीतून आणलेला आप्पांचा कॅमेरा, मधे त्यांचाच पाइपचा तुकडा. खळगा असलेल्या काचपट्टीवर पाण्याचा थेंब. सरांनी पंखा बंद केला, कारण पंख्याने टेबल थरथरतं, आणि खिडक्या लोटल्या. मी एलईडी लावली आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

आता ताक नव्हतं. काळ्या रेघांनी कोरलेलं जग होतं, आणि त्यातून एक जीव उलटसुलट उड्या मारत आडवा गेला. डोक्यावर लांब काटा, शिपायाच्या टोपासारखा. त्याच्या मानाने केवढे तरी मोठे दोन डोळे.

"खेकड्याचं पिल्लू आहे," सर माझ्यानंतर डोळा लावून म्हणाले. "अजून खेकडा न झालेलं. मी हे पुस्तकात पाहिलंय." मग जरा वेळाने, "जिवंत पहिल्यांदा."

मी परत बसले. हा भाग आप्पांनी शिकवलेला होता आणि मला कधीच जमला नव्हता. जीवाच्या मागे जायचं नाही. आपण एका जागी वाट बघायची आणि तो तिथे येईल. आला की एलईडी विझवायची, कॅमेऱ्याचं शटर उघडं धरायचं, आणि अंधारात फ्लॅशचं बटण दाबायचं. पहिल्यांदा मी उशीर केला आणि फक्त काट्याचं टोक आलं. दुसऱ्यांदा रिकामं पाणी. मग तो वळला, पुन्हा मधे आला, आणि मी दाबलं. टिक असा आवाज झाला आणि खोली एका क्षणापुरती निळसर झाली.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो थांबलेला होता. पायांच्या टोकाचे केस एकेक मोजता आले असते. डोळ्यांतले कप्पे दिसत होते. पारदर्शक अंगातून मागे खाल्लेलं काहीतरी हिरवं दिसत होतं. लेन्सवर एकही डाग नव्हता. आजूबाजूचं पाणी स्वच्छ, उजळ होतं, काठापासून काठापर्यंत.

मी तो पडदा बघत राहिले. हा फोटो आप्पांनी काढायचा होता असं मला वाटलं नाही, हे मी मुद्दाम लिहिते. मला वाटलं, हा त्यांचाच आहे. ही काच, ही पेटी, हा उजेड, आणि मे महिन्यातल्या दुपारी मला दहा वेळा सांगितलेलं 'मागे जाऊ नको' हे सगळं त्यांचं. त्यांनी एक चूक केली होती, आणि ती पुसल्यावर खाली जे उरलं ते एवढं चांगलं काम होतं.

भागोजीकाकांनी चष्मा वर करून पडदा पाहिला. "ह्यो खेकडा? ह्याला शिजवायला टोप नको, चमचा बास." आणि मग तोंड दुसरीकडे करून म्हणाले, "गंग्या बघत बसला असता गो. जेवायला हाक मारली असती, तरी उठला नसता."

नितेश सरांनी निर्लेखनाचा कागद काढून एक मायक्रोस्कोप सोडून बाकीच्यांवर रेघ मारली. दिवे त्यांनी परत बसवले. मला आठवण म्हणून द्यायला आता त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं असावं. त्यांनी मला नेलपॉलिशची बाटली दिली. "बाकीच्या शाळा असतीलच ना?" ते म्हणाले.

बाकीच्या शाळा होत्या. कुठल्या, ते आप्पांनी कधी लिहून ठेवलं नव्हतं. पण आईच्या ते लक्षात होतं, तिच्या पद्धतीने. संध्याकाळी मी तिला सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "थांब हो. पालीच्या शाळेने कापा फणस दिलेला. गुहागरच्यांनी सुपाऱ्या दिल्या, त्या अजून आहेत. आणि एका शाळेने कोकमं दिलेली, ती कुठली?"

"सगळ्यांना फोन करायला हवा."

"काय सांगणार तू?"

"जे आहे ते."

आईने आप्पांचा मोबाइल आणून माझ्यासमोर ठेवला. नंबर त्यातच होते.

पालीपासून सुरुवात केली. तिथल्या विज्ञानाच्या बाईंचं नाव वेदिका मॅडम असं त्यात होतं. बोलायचं वाक्य मी मनात नीट जुळवून ठेवलं होतं. माझ्या वडिलांनी तुमच्या मायक्रोस्कोपना बसवलेल्या दिव्यांमध्ये त्यांच्याकडून एक चूक झाली आहे. अगदी कमी शब्द, कुठेही सारवासारव नाही.

फोन लगेच उचलला गेला. "बोला आप्पा!" पलीकडून खणखणीत आवाज आला. नाव बघून उचलला होता. "अहो, किती वाट बघायला लावलीत?"

"मॅडम, मी त्यांची मुलगी बोलतेय. राही. आप्पा ऑगस्टमध्ये गेले."

त्या म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं नाही हो." आणि मग, "मी इथे मनात त्यांना रागवत होते. येतो म्हणाले आणि आले नाहीत म्हणून."

"येतो म्हणाले होते?"

"जुलैमध्ये. मीच फोन केला होता. माझा स्वभाव जरा असाच आहे, मी सरळ सांगितलं, तुमच्या दिव्यांनी आमच्या लेन्स तेलकट होतायत. दुसरा कोणी असता तर रागावला असता. ते म्हणाले, 'थांबा हं, जरा विचार करतो.' फोन चालू ठेवूनच विचार केला त्यांनी. मग म्हणाले, 'बाई, चूक माझी आहे. मी ग्रीस लावतो ना सांध्यांना, त्याची वाफ होतेय. बरं केलंत सांगितलंत. तब्येत जरा ठीक झाली की येतो आणि सगळ्यांचंच करून टाकतो.'"

मी जुळवून ठेवलेलं वाक्य आप्पा आधीच बोलून गेले होते, माझ्यापेक्षाही कमी शब्दांत.

"मी उद्या येते, मॅडम," मी म्हणाले.

"तुम्हाला येतं ते काम?"

"येतं."

"मग या. येताना स्पिरिट आणा, इथलं संपलंय."

फोन ठेवून मी आईला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. तिचा हात पदराच्या टोकाशी चाललेला होता.

"चूक माझी आहे, असं म्हणाले? हे?" तिने विचारलं.

"हो. त्या बाईंना. फोनवर."

"घरात चाळीस वर्षांत एकदा तरी म्हणायचं," आई म्हणाली, आणि हसायला लागली. मग उठली आणि उद्याच्या डब्यासाठी पीठ मळायला घेतलं.